लेखनिक कोण? : एक्सएसएलटी, जावा आणि हरवणाऱ्या अक्षरांचा इतिहास

मंडळी, तुमच्यापैकी जे वाय-टू-केच्या आगेमागे पुण्या-मुंबईहून अमेरिकेत, इंग्लंडात किंवा आखातात आले आणि जावाच्या कामाला लागले, त्यांच्या कानांवर एक्सएमएल आणि एक्सएसएलटी ही नावं तेव्हा दिवसातून पंचवीस वेळा पडली असतील. पुढे जेसन आलं आणि नव्या मंडळींनी या नावांकडे पाठ फिरवली. पण बँका, विमा कंपन्या, प्रकाशनसंस्था आणि ग्रंथालयांच्या तळघरांत ती अजून इमानेइतबारे राबत आहेत. जुन्या कागदपत्रांच्या डिजिटल आवृत्त्यांवर काम करणाऱ्या माझ्यासारख्यांची तर त्यांच्याशी रोजची गाठ असते.

ज्यांचा या विषयाशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक्सएमएल म्हणजे खुणा केलेला मजकूर. एखाद्या पत्रात हे व्यक्तीचं नाव, हे गाव, ही तारीख, अशा चिठ्ठ्या शब्दांना लावलेल्या असतात. स्टाइलशीट म्हणजे नियमांची यादी: गावाचं नाव दिसलं की तिरप्या अक्षरांत छापा, तारीख दिसली की समासात न्या. हे दोन्ही समोर ठेवून तिसरी फाइल लिहून काढणारा प्रोग्रॅम म्हणजे प्रोसेसर. मी त्याला मनातल्या मनात लेखनिक म्हणतो, कारण त्याचं काम पोथीची नक्कल करणाऱ्याचंच आहे. आणि नक्कल करताना चुका होतातच.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पुरी केली. त्या कामाचा पायाच असा, की हस्तलिखितातली चूक नुसती पुसायची नसते. ती कुठल्या शाखेतून, कुठल्या लेखनिकाच्या हातून आली हे शोधायचं असतं. जावातलं एक्सएसएलटी बिघडलं की हीच पद्धत लागू पडते. बिघाडाचं मूळ पुष्कळदा तुम्ही आज लिहिलेल्या ओळीत नसतं, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी घेतलेल्या निर्णयात असतं. तो इतिहास ठाऊक नसला, तर मजकुराचं नुकसान होऊन जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

दोन बोलींचा जन्म

एक्सएमएलचा पूर्वज एसजीएमएल १९८६ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण झाला. त्याच्या मांडणीसाठी डीएसएसएसएल नावाची भाषा १९९६ साली आली. ती स्कीम या भाषेवर बेतलेली होती. कंसांत कंस आणि त्यांत आणखी कंस. जेम्स क्लार्क या इंग्रज प्रोग्रॅमरनं तिच्यासाठी ‘जेड’ हा प्रोग्रॅम लिहिला. १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल १.० जाहीर झालं, आणि त्याला साजेशी, कंसांची धास्ती न घालणारी मांडणीची भाषा हवी म्हणून एक्सएसएलवर काम सुरू झालं. त्यातला रूपांतराचा भाग वेगळा काढला, तो एक्सएसएलटी. १६ नोव्हेंबर १९९९ रोजी एक्सएसएलटी १.० आणि मजकुरातली जागा दाखवणारं एक्सपाथ १.० अशी दोन्ही प्रमाणं एकदमच प्रसिद्ध झाली. पहिल्याचे संपादक क्लार्कच होते, दुसऱ्याचे सहसंपादकही तेच.

मधल्या काळात घाई झाली होती. मार्च १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर ५ बाजारात आला, तो एक्सएसएलच्या कच्च्या मसुद्यावर उभा होता. प्रमाण ठरलं तेव्हा भाषा बरीच बदलली होती. कच्च्या बोलीचा नेमस्पेस, म्हणजे भाषेचा कुळाचा पत्ता, वेगळा होता. पक्क्या बोलीच्या पत्त्यात १९९९ हे साल कायमचं कोरलं गेलं. आजही एखाद्या जुन्या सर्व्हरवरून काढलेली स्टाइलशीट जावाला दिली, की तो कधी कधी म्हणतो, ‘दिलेला दस्तऐवज स्टाइलशीटच नाही’. माणूस ओळ न् ओळ तपासतो; नियम तर सगळे ठीक दिसतात. पाहायचा असतो तो फक्त पहिल्या ओळीतला पत्ता. तिथे मसुद्याचं कूळ असेल, तर हा लेखनिक ती बोली बोलतच नाही.

एरर नाही, पण खुणाही नाहीत

नेमस्पेसची खरी गंमत पुढे आहे. वाङ्मयीन आणि ऐतिहासिक मजकूर खुणांसह साठवण्यासाठी टीईआय नावाचे संकेत आहेत. त्यांची सुरुवात १९८७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या व्हॅसार कॉलेजातल्या एका बैठकीत झाली. २००२ साली आलेली पी-४ ही आवृत्ती एक्सएमएलमध्ये होती, पण तिला नेमस्पेस नव्हता. २००७ च्या पी-५ नं तो आणला. म्हणजे कालपर्यंत नुसता ‘परिच्छेद’ होता, तो आता ‘टीईआयच्या घरचा परिच्छेद’ झाला.

आता पी-४ साठी लिहिलेली स्टाइलशीट पी-५ च्या फाइलवर चालवा. तिच्यातला नियम नुसता ‘परिच्छेद’ शोधतो. तसा तिथे कुणीच नाही, म्हणून एकही नियम लागू होत नाही. तरी प्रोग्रॅम थांबत नाही, तक्रारही करत नाही. कारण एक्सएसएलटीत काही नियम जन्मजात आहेत: ज्या खुणेसाठी नियम सापडला नाही, तिच्या आत शिरा, आणि आतला मजकूर तसाच उतरवा. त्यामुळे पानभर अक्षरं येतात, पण परिच्छेद नाहीत, शीर्षकं नाहीत, तळटीपा मजकुरात मिसळलेल्या. चांगल्या हेतूनं ठेवलेली ही सोय बिघाड झाकून टाकते.

यावर उपाय म्हणजे स्टाइलशीटमध्ये त्या घराण्याला एक उपपद द्यायचं आणि प्रत्येक शोधात ते वापरायचं. कित्येकजण इथे फसतात, कारण स्टाइलशीटला मूळ नेमस्पेस जोडला की झालं असं त्यांना वाटतं. पण एक्सपाथ १.० मध्ये उपपदाविना लिहिलेलं नाव म्हणजे ‘कुठल्याच घरचं नाही’ असाच अर्थ होतो, वर काहीही जोडलेलं असो. ही अडचण ओळखून २३ जानेवारी २००७ ला आलेल्या एक्सएसएलटी २.० नं त्यासाठी वेगळी सोय केली.

जावात या दुखण्याला आणखी एक फाटा आहे. जावाच्या ज्या वर्गाकडून एक्सएमएलचं झाड, म्हणजे डॉम, बांधून घेतात, तो सुरुवातीला नेमस्पेस पाहतच नाही. पाहा असं त्याला मुद्दाम सांगावं लागतं. हा स्वभाव जुन्या प्रोग्रॅमांना धक्का लागू नये म्हणून तसाच ठेवलेला आहे. त्यामुळे तीच फाइल थेट लेखनिकाच्या हाती दिली तर काम होतं, आणि आधी झाड बांधून दिली तर होत नाही. दोन्ही वाटांनी एकदा चालवून पाहिलं, की दोष कुठे आहे ते पाच मिनिटांत कळतं.

तीन लेखनिक आणि एक दलाल

जावात एक्सएसएलटीचे सुरुवातीचे तीन मोठे लेखनिक. पहिला क्लार्क यांचा ‘एक्सटी’. दुसरा मायकेल के यांचा ‘सॅक्सन’. ते तेव्हा आयसीएल या ब्रिटिश कंपनीत होते आणि पुढे एक्सएसएलटी २.० व ३.० चे संपादक झाले. तिसरा लोटस आणि आयबीएमच्या घरात जन्मलेला ‘लोटस-एक्सएसएल’. आयबीएमनं तो १९९९ साली अपाची संस्थेला दिला आणि त्याचं नाव ‘झालान’ झालं. हे एका दुर्मीळ वाद्याचं नाव आहे. त्याचा जोडीदार, एक्सएमएल वाचणारा ‘झर्सीस’, याचं नाव सॅन फ्रान्सिस्कोच्या वाळूच्या टेकड्यांवरून कायमच्या नाहीशा झालेल्या एका निळ्या फुलपाखरावरून ठेवलेलं आहे.

तिघांना हाक मारायची रीत वेगवेगळी होती. एकासाठी लिहिलेला कोड दुसऱ्यावर चालेना. म्हणून सगळ्यांसाठी एकच समाईक दार बांधलं गेलं आणि ते जावाच्या जॅक्सपी १.१ या संचात आलं. तुमच्या कोडनं फक्त म्हणायचं, ‘मला एक लेखनिक द्या’. कुठला, ते हा दलाल ठरवणार. ठरवण्याचा जुना क्रम असा: आधी प्रोग्रॅम चालू करताना दिलेली सूचना, मग जावाच्या फोल्डरमधली एक सेटिंगची फाइल, मग सोबतच्या जार फाइलींपैकी कुणी आपलं नाव नोंदवलंय का ते, आणि कुणीच नसेल तर जावाचा स्वतःचा लेखनिक.

ही योजना सोयीची खरी, पण निम्मी भुतं इथूनच निघतात. कुणीतरी पीडीएफ बनवायची एक लायब्ररी जोडतं, तिच्या मागून आणखी चार जार येतात, त्यांतल्या एकात दुसऱ्या लेखनिकाची नोंद असते. तुमच्या कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नाही, पण लेखनिक बदलला. तुमच्या लॅपटॉपवर चालतं ते सर्व्हरवर चालत नाही, त्याचं कारण पुष्कळदा हेच.

फेब्रुवारी २००२ मध्ये जावा १.४ आलं, त्यात झालान आतच बसवलेला होता, आणि तोही अपाचीनं दिलेल्या मूळ नावानंच. म्हणून नवी, दुरुस्त आवृत्ती शेजारी आणून ठेवली तरी जावा घरातल्या जुन्यालाच बोलवायचा. नव्याला आत घ्यायला एक खास फोल्डर ठेवावा लागला. २००४ च्या जावा ५ मध्ये घरच्या लेखनिकाचं नाव बदलून हा घोळ मिटवला, पण त्याच वेळी माणूसही बदलला. आता येणारा ‘एक्सएसएलटीसी’ हा नियम वाचत वाचत काम करणारा नव्हता. तो आधी सगळ्या नियमांचा जावाचा बाइटकोड बनवतो आणि मग तो पळवतो. वेग वाढला, पण बाइटकोडच्या मर्यादाही सोबत आल्या. जावाच्या एका मेथडमध्ये ६५,५३५ बाइटांपेक्षा जास्त कोड मावत नाही. एखादा लांबलचक नियम या भिंतीवर आपटला, की जो एरर येतो त्यात उडीचं अंतर फार मोठं झाल्याची तक्रार असते. एक्सएसएलटीचा त्यात उल्लेखही नसतो. नियमाचे चार तुकडे केले की काम सुरळीत होतं. पण ही मर्यादा ठाऊक नसलेल्याला ते सुचावं कसं?

अशीच १६ बिटांची दुसरी भिंत २०२२ साली गाजली. गूगलच्या प्रोजेक्ट झिरोमधल्या फेलिक्स विल्हेम यांनी दाखवून दिलं, की मुद्दाम रचलेल्या स्टाइलशीटनं एक्सएसएलटीसीच्या क्लास फाइलमधल्या नोंदींची मोजणी १६ बिटांबाहेर ढकलता येते. आकडा कापला जातो, आणि हल्लेखोराला स्वतःचा कोड आत घुसवता येतो. १९९० च्या दशकात क्लास फाइलची रचना ठरवताना मोजणीला दिलेले दोन बाइट असे २०२२ मध्ये आडवे आले.

लेखनिक कोण, हे कळल्याशिवाय आणखी एका प्रश्नाचा उलगडा होत नाही. जावाच्या घरच्या लेखनिकाला आजही फक्त १.० येतं. स्टाइलशीटवर २.० लिहिलेलं असलं, तरी तो लगेच हात वर करत नाही. पुढच्या काळातली भाषा असेल असं धरून चालतो आणि अनोळखी सूचना समोर आली की मगच अडतो. त्याहून वाईट म्हणजे काही सूचना दोन्हीकडे ओळखीच्या आहेत, पण अर्थ वेगळा. ‘याचं मूल्य लिहा’ म्हटल्यावर १.० पहिलंच मूल्य लिहितं, २.० सगळी लिहितं. दोन संपादकांच्या ग्रंथातला दुसरा संपादक असा गुपचूप गायब होतो.

मराठी अक्षरांचं काय होतं

आता आपल्या घरचा विषय. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. जावात फाइल वाचायची जी सोपी रीत शिकवतात, ती वर्षानुवर्षं त्या त्या संगणकाची मूळ लिपीसंहिता धरून चालायची. अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडातल्या विंडोजवर ती पश्चिम युरोपची असते. मार्च २०२२ च्या जावा १८ पासून सगळीकडे यूटीएफ-८ हीच मूळ मानली जाऊ लागली. त्याआधीच्या जावात अशा वाचकाकडून एक्सएमएल घेतलं, तर फाइलच्या माथ्यावर ‘यूटीएफ-८’ लिहिलेलं असूनही लेखनिक ते बघत नाही, कारण त्याच्या हाती बाइट न येता आधीच चुकीची वाचलेली अक्षरं येतात.

यातून दिसणारा कचरा परत फिरवता येतो असं बहुतेकांना वाटतं. तीन चिन्हांचं पुन्हा एक अक्षर करायचं, एवढंच ना? देवनागरीच्या बाबतीत ते खरं नाही. विंडोजच्या त्या संहितेत पाच जागा रिकाम्या आहेत, आणि तिथे पडणाऱ्या बाइटाचं जावा एकच ‘अज्ञात’ चिन्ह करून टाकतो. आपला हलन्त आणि ऱ्हस्व उकार या दोघांचाही तिसरा बाइट नेमका अशा जागी पडतो. दोघांची रूपं एकसारखी होतात आणि कुठे जोडाक्षर होतं नि कुठे उकार, हे यंत्राला सांगता येत नाही. ए, ऐ आणि झ यांचंही असंच: ‘एक’, ‘ऐक’ आणि ‘झक’ हे तीन शब्द एकरूप होतात. अशी फाइल जपून ठेवली आणि मूळ फेकून दिलं, तर हा पाठ कायमचा गेला. लिहिताना चूक झाली तर आणखी सोपा शेवट: प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह.

उपाय एका वाक्यात सांगण्याजोगा आहे. लेखनिकाला बाइट द्या आणि त्याच्याकडून बाइटच घ्या. मधे अक्षरं वाचणारा किंवा लिहिणारा दुसरा कुणी ठेवू नका. मग संहिता ओळखणं आणि पाळणं ही जबाबदारी त्याची. निवडलेल्या संहितेत ‘म’ बसत नसेल, तर तो २३५० हा त्याचा क्रमांक लिहितो. वाचायला कुरूप, पण अक्षर शाबूत.

मोडीची कथा वेगळी. पुण्याच्या पेशवे दफ्तरापासून तंजावरच्या सरस्वती महालापर्यंत मोडीचे कागद पसरलेले आहेत. अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावानंतर २०१४ साली युनिकोड ७.० मध्ये मोडीला जागा मिळाली, पण ती पहिल्या ६५,५३६ जागांच्या पलीकडे. जावातलं अक्षर मात्र १६ बिटांचं, कारण ते ठरलं तेव्हा युनिकोड तेवढ्यात मावेल असा समज होता. त्यामुळे मोडीचं एक अक्षर जावात दोन अर्ध्या तुकड्यांत राहतं. झालानच्या जुन्या आवृत्त्यांतल्या एका दोषामुळे कधी कधी हे तुकडे दोन स्वतंत्र क्रमांक म्हणून लिहिले जातात. मोडी ‘अ’चा क्रमांक ७११६८, त्याऐवजी फाइलमध्ये ५५३०१ आणि ५६८३२ येतात. एक्सएमएलच्या नियमानुसार हे दोन्ही अक्षरांचे क्रमांकच नव्हेत, म्हणून ती फाइल पुढचा वाचक उघडायलाच नकार देतो. हाच दोष इमोजींमुळे जगभर लोकांना भेटला. मोडीवाल्यांची संख्या थोडी, त्यामुळे या बाबतीत आपण इमोजींचे ऋणी आहोत.

दूर कुठेतरी गेलेला निरोप

कधी रूपांतर चुकत नाही, नुसतं रेंगाळतं. जुन्या एक्सएचटीएमएल फाइलच्या माथ्यावर डीटीडीचा, म्हणजे व्याकरणाच्या फाइलचा, डब्ल्यूथ्रीसी संस्थेच्या सर्व्हरवरचा पत्ता असतो. जावाचा वाचक प्रत्येक फाइलमागे तो पत्ता गाठून व्याकरण उतरवून घेतो. २००८ साली डब्ल्यूथ्रीसीनं कळवळून लिहिलं, की अशा मागण्या दिवसाला १३ कोटींपर्यंत जात आहेत. पुढे त्या सर्व्हरनं असल्या मागण्यांना मुद्दाम उशीर लावायला किंवा नकार द्यायला सुरुवात केली. हजार फाइलींचं काम रात्रभर का चाललंय, याचं उत्तर इथे असू शकतं. व्याकरणाची प्रत आपल्याजवळ ठेवून वाचकाला तिचा पत्ता द्यावा. जावा ९ पासून त्यासाठी कॅटलॉगची सोय आतच आहे.

पत्त्याचाच दुसरा प्रकार: एक स्टाइलशीट दुसरीला ‘शेजारच्या फोल्डरमधली’ म्हणून बोलावते. पण तुम्ही पहिली स्टाइलशीट नुसता बाइटांचा प्रवाह म्हणून दिली असेल, तर तिचं स्वतःचं घर कुठे आहे हेच लेखनिकाला ठाऊक नसतं; मग शेजार कुठला? प्रवाहासोबत तिचा पत्ता सांगितला की प्रश्न सुटतो. सुरक्षेचे निर्बंध वाढल्यापासून काही ठिकाणी बाहेरची स्टाइलशीट वाचायलाच बंदी असते; तेव्हा येणारा एरर निदान कारण स्पष्ट सांगतो.

सगळे एरर इतके सरळ नसतात. ‘स्टाइलशीट तयार करता आली नाही’ एवढंच हाती येतं, आणि खरं कारण एरर-प्रवाहावर वेगळं छापलं जाऊन सर्व्हरच्या लॉगमध्ये कुठेतरी पडून राहतं. स्वतःचा एरर-श्रोता जोडून ते वाक्य पकडावं, मगच पुढचा विचार करावा.

पुष्पिका

तेव्हा पुढच्या वेळी हे यंत्र बिघडलं, तर आधी लेखनिकाचं नाव विचारा. कारखान्यानं दिलेल्या वस्तूच्या वर्गाचं नाव जावात एका ओळीत छापता येतं. स्टाइलशीटच्या आतूनही निर्मात्याचं नाव आणि एक्सएसएलटीची आवृत्ती विचारता येते. मग पाहा, त्याच्या हाती मजकूर कुठल्या रूपात पोचला: बाइट, अक्षरं की आधीच बांधलेलं झाड. मग नेमस्पेस. नियमांकडे सगळ्यात शेवटी वळा.

२०२५ मध्ये क्रोमच्या मंडळींनी ब्राउझरमधून एक्सएसएलटी काढून टाकण्याचा बेत जाहीर केला. जावातल्या लेखनिकांना त्यानं धक्का लागत नाही, पण एक गोष्ट स्पष्ट होते: लेखनिक येतात आणि जातात. एक्सएमएलमध्ये ठेवलेला मजकूर त्यांच्यापेक्षा जास्त काळ टिकावा, यासाठीच तर तो तसा ठेवलेला असतो. तुमच्यापैकी कुणी महाराष्ट्र मंडळाच्या जुन्या स्मरणिका, आजोबांची पत्रं किंवा गावच्या दप्तरातले कागद असे उतरवून ठेवत असाल, तर रूपांतरित फाइल हीच प्रत मानून मूळ पुसू नका.

आपल्या पोथ्यांच्या शेवटी पुष्पिका असते: कुणी लिहिलं, कुठे, कोणत्या शकात, कोणत्या तिथीला. शतकांनंतर अभ्यासकाला चुकीचं कूळ लागतं ते पुष्कळदा त्या दोन-चार ओळींमुळे. टीईआयच्या शीर्षभागात रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव आणि आवृत्ती नोंदवायला तशीच जागा आहे. ती बहुतेक फाइलींत रिकामी असते. स्टाइलशीटमध्ये चार ओळी वाढवल्या, की लेखनिक ती स्वतःच भरतो.